तोडणाऱ्यासाठी परवाना आहे, राखणाऱ्यासाठी काय? वनमंत्री आणि महसूलमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री आणि मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विनापरवाना झाड तोडणाऱ्याचा दंड एक हजारावरून पन्नास हजार रुपयांवर नेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कोकणात रान उठले. दंड जास्त आहे, शेतकऱ्याला परवडणारा नाही, हे अनेकांनी सांगितले. दंड हवाच, असेही काहींनी सांगितले. दोन्ही बाजूंचे म्हणणे मी लक्ष देऊन ऐकले. ज्याने झाड तोडलेच नाही त्याला सरकार काय देणार, हा प्रश्न मात्र मी कुणाच्याही तोंडून ऐकला नाही. तो विचारण्यासाठी हे पत्र आहे. पत्र दोघांना एकत्र लिहितो आहे, कारण झाडे एका खात्याकडे आणि सातबारा दुसऱ्या खात्याकडे, आणि या दोन टेबलांच्या मधल्या जागेत आमचे रान उभे आहे.

मी संगमेश्वर तालुक्यातला, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका वाडीतला खातेदार. भावकीच्या सामाईक सातबाऱ्यावर आमचे चौदा एकरांचे डोंगरउताराचे रान आहे. ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, बेहडा आणि पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने रातांबी (कोकमाची झाडे). हे रान कुणी पाहायला यावे म्हणून जपलेले नाही, आम्ही ते वापरतो. घराचे वासे त्यातले, चुलीचे जळण त्यातले. तरव्याच्या भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, कवळ (तोडलेल्या डहाळ्या) तिथूनच येते, गोठ्यात अंथरायला पातेराही (सुका पाला). हिरडे, बेहडे, शिकेकाई गोळा करून बाया बाजाराला जातात. मे महिन्यात रातांबे उतरले की घरोघरी आगळ आणि आमसुले होतात. कवळ तोडताना शेंडा राखायचा आणि त्याच झाडावर दर वर्षी कोयता लावायचा नाही, एवढा नियम आमच्या पिढीपर्यंत पाळला गेला. म्हणूनच रान अजून आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात असे रान म्हणजे अपवाद नव्हे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ 8,208 चौरस किलोमीटर. भारतीय वन सर्वेक्षणाच्या उपग्रह-मोजणीत त्यातला निम्म्याच्या आसपास भाग वनाच्छादित दिसतो. वनखात्याच्या स्वतःच्या मालकीचे जंगल मात्र इथे अगदीच थोडे आहे. म्हणजे जिल्ह्यातली हिरवाई मुख्यतः आमच्यासारख्यांच्या सातबाऱ्यावर उभी आहे. गडचिरोलीत जंगल वाचवायचे तर वनखात्याला स्वतःचे घर सांभाळावे लागते. इथे खातेदाराशी बोलल्यावाचून काही वाचणार नाही.

आणि खातेदाराशी बोलायला येतो कोण? दसरा झाला, वाटा सुकल्या की लाकडाचा ठेकेदार येतो. तो बांधावर उभा राहून नजरेने अंदाज घेतो आणि सबंध उताराचे उक्ते पैसे सांगतो. झाडनिहाय मोजणी नाही, घनफूट नाही. आमच्या रानात एक जुना बेहडा आहे. त्याच्या खोडात उंचावर ढोली आहे आणि तिथे धनेशाची जोडी घरटे करते. मादी स्वतःला आत कोंडून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि नर उंबराची, जांभळाची फळे आणून त्या फटीतून भरवत राहतो. ठेकेदाराच्या हिशेबात त्या बेहड्याला इमारती लाकडाचा भाव नाही, कारण बेहड्याचे लाकूड टिकाऊ नाही. तो जळाऊत जातो, टनावर. त्याच्या ट्रकचा तो एक कोपरा भरतो, एवढीच त्याची किंमत.

ठेकेदाराला मी खलनायक म्हणणार नाही, आणि होकार देणाऱ्या माझ्या चुलतभावांनाही नाही. ते डोंबिवलीत, विरारला राहतात. सातबाऱ्यावर त्यांची नावे आहेत, पण त्या सातबाऱ्याचा त्यांना मिळणारा लाभ म्हणजे वीस वर्षांतून एकदा येणारे हे पैसे. घरटी वाटले तर गावच्या घरावर पत्रे चढतात किंवा मुलीची नर्सिंगची एका वर्षाची फी निघते. मी त्यांना ‘तोडू नका’ म्हणतो तेव्हा माझ्या हातात त्यांना द्यायला काहीच नसते. दर वेळी त्यांची समजूत काढायची ती नात्याच्या बळावर, आणि पुढच्या पिढीत ते नाते इतके घट्ट राहणार नाही हे मला दिसते आहे.

तोड पूर्वीही व्हायची, हे मी मान्य करतो. तोडलेल्या खुंटांना पावसाळ्यात फुटवे यायचे आणि पंधरा-वीस वर्षांत ऐन-किंजळ पुन्हा डोक्यावर जायचे. आता बदल झाला आहे तो त्यानंतरच्या कामात. लाकूड गेले की जेसीबी येतो, खुंट मुळासकट उपटतो, उतार कापून टप्पे पाडतो. मग तिथे कलमी काजू लागतो, सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे रबर आणि अननस लागतो, नाहीतर रस्त्याला लागून असेल तर फार्महाऊसचे प्लॉट पडतात. त्या जमिनीतून जंगल परत येत नाही. पहिल्या जोरदार पावसात पऱ्याला तांबडे पाणी येते, आणि जिथे मार्गशीर्षापर्यंत पाणी टिकायचे तिथे दिवाळीनंतर दगड दिसू लागतात. म्हणून माझी मागणी झाडावर कोयता लावायला बंदी करा अशी नाही. रान मुळासकट जाऊ नये, यासाठी मालकाला सोबत घ्या, ही आहे.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार कायद्याच्या नजरेबद्दल. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (नियमन) कायदा 1964 सालचा. साग, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, फणस, आंबा, खैर अशी झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत. ती तोडायची तर अर्ज, सातबारा, नकाशा, पाहणी आणि परवाना लागतो. या कायद्यात माणूस दिसतो तो फक्त तोडायला निघाला की. जो अर्ज करत नाही, जो तीस वर्षे रान तसेच ठेवतो, त्याच्यासाठी या राज्यात कुठल्याही कार्यालयात एकही नमुना नाही, एकही नोंदवही नाही. सातबाऱ्यावर त्या जमिनीची ओळख काय, तर बहुतेक ठिकाणी ‘वरकस’ (हलक्या प्रतीची) किंवा ‘पोटखराबा’ (लागवडीला निरुपयोगी). पऱ्याला पाणी देणारी, धनेशाला घर देणारी जमीन महसुली दप्तरात खराब म्हणून नोंदवलेली आहे. मा. महसूलमंत्री, ही नोंद आपल्या खात्याची आहे.

दुसरी तक्रार भीतीची, आणि तिच्यावर मला जरा थांबून लिहायचे आहे, कारण मंत्रालयातून ती दिसत नसावी. 30 ऑगस्ट 1975 रोजी महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायदा लागू झाला आणि खासगी वने त्या दिवशी कायद्याने सरकारजमा झाली. भारतीय वन अधिनियमाच्या कलम 35 खालच्या जुन्या नोटिसा, ज्या कित्येकांना मिळालेल्याही नव्हत्या, त्यांच्या आधारे अनेक वर्षांनी सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ असे शेरे पडले. नुसती नोटीस काढली म्हणजे जमीन वन होत नाही, ती मालकाला बजावलेली असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी 2014 मध्ये सांगावे लागले. तो खटला मोठ्या कंपनीचा होता, त्यांना दिल्लीपर्यंत जाता आले. आमच्या वाडीतल्या माणसाला रत्नागिरीच्या कोर्टाची एक तारीखही जड जाते. सिंधुदुर्गात वनसंज्ञेचा, म्हणजे खासगी जमिनीही वन म्हणून नोंदल्याचा, घोळ आहे, आंबोली, चौकुळ, गेळे इथला कबुलायतदार गावकर, म्हणजे गावाच्या सामाईक कब्जातल्या, जमिनींचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळला. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाने मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल ते जंगल, असे ठरले.

या सगळ्यातून गावातला माणूस एकच धडा शिकला: रान दाट होऊ देऊ नका. दाट झाले तर साहेब येतील, शेरा मारतील, आणि मग ना विकता येणार ना मुलांच्या नावे करता येणार. आमच्याकडे जाणती माणसे मुलांना हा सल्ला मनापासून देतात. जंगल वाचवण्यासाठी केलेल्या कायद्यांनी जंगल ठेवणे हाच धोका ठरवला. यापेक्षा मोठे अपयश कोणत्या धोरणाचे असेल, मला माहीत नाही.

तिसरी तक्रार पैशांची. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ठरवताना वने आणि पर्यावरण या निकषाला 10 टक्के भार दिला. त्यासाठी राज्यातले दाट आणि मध्यम दाट वन मोजले गेले. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्रावर 10 टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असले की ते वनाच्छादन, मालकी कुणाचीही असो. याचा अर्थ असा, की माझ्या रानातल्या ऐनाची सावली दिल्लीत महाराष्ट्राच्या खात्यावर मोजली जाते. त्या सावलीपोटी जे मुंबईला येते त्यातला एक रुपयाही संगमेश्वरच्या डोंगरावर आलेला आम्ही पाहिलेला नाही.

जंगलाची किंमत करता येत नाही, असेही सरकारला म्हणता येणार नाही, कारण सरकार ती रोज करते. खाणीसाठी, धरणासाठी, रस्त्यासाठी वनजमीन वळवायची तर कंपनीकडून निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे गमावलेल्या जंगलाच्या लाभांची किंमत, वसूल होते. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले त्याचे दर हेक्टरी 4.38 लाखांपासून 10.43 लाख रुपयांपर्यंत होते, नंतर ते वाढले. त्यातून साठलेल्या भरपाई वनीकरण निधीपैकी 2019 मध्ये केंद्राने महाराष्ट्राला 3,844 कोटी रुपये दिले. म्हणजे जंगल नष्ट होते तेव्हा त्याला लाखांची किंमत आहे आणि उभे असते तेव्हा शून्य. त्याच निधीतून रोपे लावली जातात, कुंपणे घातली जातात, फलक रंगवले जातात. आपोआप वाढलेले, शंभर जातींचे रान उभे ठेवणाऱ्याकडे मात्र कुणी वळून बघत नाही.

चौथी तक्रार बंदीबद्दल. सावंतवाडी ते दोडामार्ग हा वाघ-हत्तींचा मार्ग. तिथे उच्च न्यायालयाने 2013 मध्ये वृक्षतोडीला अंतरिम मनाई केली आणि मार्च 2024 मध्ये तिथली 25 गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याच्या दिशेने पावले टाकायला सरकारला सांगितले. न्यायालयाने जे केले ते योग्यच केले, कारण सरकारने आधी काही केलेच नव्हते. पण मनाई असतानाही तोड होत राहिल्याच्या तक्रारी पुन्हा न्यायालयातच गेल्या. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचेही तेच. गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन समितीचा 2013 चा. अधिसूचनेचा पहिला मसुदा 2014 मध्ये निघाला, सहावा 31 जुलै 2024 रोजी, वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात महाराष्ट्राचे 17,340 चौरस किलोमीटर आहेत. इतक्या वर्षांत गावोगाव विरोध झाला तो लोकांना जंगल नको म्हणून नव्हे. काय करता येणार नाही याची यादी लोकांसमोर आली, आणि काय मिळणार याचा कागद कुणीच आणला नाही.

आपल्या खात्यातले अधिकारी म्हणतील की तरतुदी आहेत. आहेत, मी वाचल्या आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने कलम 36-सी आले: खासगी मालक स्वेच्छेने आपली जमीन सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून देऊ शकतो. पण त्यानंतर जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी लागते, आणि मोबदल्याची तरतूद त्या कलमात नाही. खातेदाराने बंधन पत्करायचे आणि रिकाम्या हाताने घरी जायचे. जैवविविधता कायद्याच्या कलम 37 खाली वारसा स्थळे जाहीर होतात. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे गावची रानटी जायफळांची दलदल अशीच संरक्षित झाली, ती जेमतेम अडीच हेक्टर. चांगले काम आहे. पण ते दुर्मिळ ठेव्यासाठी आहे. हजारो एकरांच्या साध्या, रोज वापरातल्या रानाला हे कलम पुरणार नाही.

मग करायचे काय? इतरांनी काय केले ते थोडक्यात सांगतो.

अमेरिकेत जंगल मोठ्या प्रमाणावर खासगी मालकीचे आहे. तिथे मालक आपल्या जमिनीवरचा एकच हक्क विकतो किंवा दान करतो: ती जमीन मोकळी करून तिथे वसाहत किंवा प्लॉट पाडण्याचा हक्क. मालकी त्याचीच राहते, लाकूड काढणे चालू राहते, जमीन विकता येते, मुलांना देता येते. फक्त ते बंधन जमिनीसोबत जाते, पुढचा मालक कुणीही असो. याला तिथे कॉन्झर्वेशन ईझमेंट म्हणतात. मी इथे त्याला संवर्धन करार म्हणतो. 2001 मध्ये मेन राज्यातल्या पिंग्री कुटुंबाने आपल्या सुमारे 7 लाख 62 हजार एकर लाकूडजंगलावर असा करार केला. न्यू इंग्लंड फॉरेस्ट्री फाउंडेशन या संस्थेने त्यासाठी लोकांकडून 2 कोटी 80 लाख डॉलर उभे केले. त्या जंगलात तोड आजही होते, शिस्तीने होते, आणि जंगल जंगलच राहते. 1990 पासून तिथल्या केंद्र सरकारची फॉरेस्ट लेगसी नावाची योजना अशा करारांचा तीन चतुर्थांशपर्यंत खर्च उचलते.

ते जसेच्या तसे उचलून आणा, असे मी म्हणत नाही. तिथे करसवलतीवर बरीच भिस्त आहे, आणि जमिनीचे मूल्यांकन फुगवून दलालांनी त्या सवलती इतक्या लाटल्या की 2022 च्या अखेरीस त्यांच्या संसदेला लगाम घालावा लागला. आमच्या शेतीउत्पन्नावर आयकरच नाही, त्यामुळे करसवलत आम्हाला काही कामाची नाही. आम्हाला दर वर्षी खात्यावर जमा होणारी रक्कम हवी. कोस्टा रिकाने 1996 च्या वनकायद्यात हेच केले. जंगल मोडून दुसरा वापर करायला बंदी घातली, आणि त्याच कायद्यात, इंधनावरच्या कराच्या पैशातून, जंगल ठेवणाऱ्या मालकाला मोबदला द्यायची व्यवस्था केली. बंदी आणि मोबदला एकाच कायद्यात आले, हे मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे सुरुवातच झाली नाही असेही नाही. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था आमच्याच तालुक्यात बरीच वर्षे खासगी मालकांशी आणि गावांशी जंगल न तोडण्याचे करार करत आली आहे. हिरडा-बेहड्याला फेअरवाइल्ड, म्हणजे रानातून जपून गोळा केलेल्या मालाचे, प्रमाणपत्र मिळवून देऊन, धनेशाची झाडे राखणाऱ्यांना त्या फळांतून चार पैसे जास्त मिळतील, हेही तिने करून दाखवले. पण अशा कराराला कायद्याचे पाठबळ नाही. उद्या जमीन विकली गेली की नवा मालक म्हणेल, मी कुठे सही केली होती?

अडचण कुठे आहे तेही सांगतो. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात एका जमिनीवरचा हक्क दुसऱ्या जमिनीच्या लाभासाठीच असू शकतो. शेजारच्या शेतातून वाट, पाट, उजेड, एवढ्यापुरता. पक्ष्यांसाठी, पाण्यासाठी, संस्थेच्या किंवा सरकारच्या नावे असा हक्क त्यात बसत नाही. इंग्रजी कायद्याचा हाच अडसर अमेरिकेतही होता. तो काढण्यासाठी तिथे 1981 मध्ये नमुना कायदा तयार झाला आणि राज्यांनी आपापले कायदे केले. महाराष्ट्राला ते करता येईल. जमीन हा राज्याचाच विषय आहे, आणि केंद्रीय कायद्याशी कुठे घर्षण होत असेल तर राष्ट्रपतींची संमती घेण्याची वाट घटनेत आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

राज्याने खासगी वन-मालकांसाठी स्वेच्छेच्या संवर्धन कराराचा कायदा करावा. करार नोंदणीकृत असावा, मुद्रांक शुल्क माफ असावे, भूमी अभिलेखची मोजणी सरकारी खर्चाने व्हावी, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्याची नोंद पडावी म्हणजे तो जमिनीसोबत चालेल. मुदत मात्र कायमची ठेवू नका. अमेरिकेत हे करार कायमचे असतात, पण 1975 आठवणाऱ्या कोकणात ‘कायमचे’ म्हटले की कुणी सही करणार नाही. तीस वर्षे ठेवा, नूतनीकरणाला जास्त मोबदला ठेवा.

करारातल्या जमिनीला 1975 च्या कायद्याखाली किंवा अन्य कोणत्याही मार्गाने ‘खाजगी वन’ शेरा लागणार नाही, ती संपादित होणार नाही, आणि मुदत संपल्यावर रान दाट झाले आहे एवढ्या कारणाने मालकाचा हक्क कमी होणार नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहा. परिपत्रकात नको, ते पुढचा सचिव बदलतो. ही एक हमी मिळाली तर मोबदला ठरण्याआधीच कित्येक जण कोयता खाली ठेवतील, असे मला माझ्या गावावरून वाटते.

मोबदला वार्षिक द्या आणि सातबाऱ्यावरच्या प्रत्येक सहहिस्सेदाराच्या खात्यावर त्याच्या हिश्शाप्रमाणे जमा करा. विरारच्या भावाला दर वर्षी थोडे मिळाले तर वीस वर्षांनी एकदा येणाऱ्या ठेकेदाराची वाट तो पाहणार नाही. पैसा वित्त आयोगाच्या वाट्यातून काढा. भरपाई वनीकरण निधीचे नियम आड येत असतील तर राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा. दर जमिनीवर जाऊन ठरवा, कारण उपग्रहाला आंबा-काजूची बागही जंगलच दिसते. जुनी झाडे, ढोल्या, पऱ्याचे काठ, तीव्र उतार यांना जास्त द्या.

आमचा वापर चालू राहू द्या: जळण, कवळ, पातेरा, वनोपज, घरापुरते लाकूड, आणि ठरलेल्या आराखड्याप्रमाणे फुटवे ठेवून केलेली विरळणी. मनाई असावी ती मुळासकट उपटण्याला, उतार कापण्याला, प्लॉट पाडण्याला आणि एकसुरी लागवडीला. सामाईक खात्यांसाठी कुटुंबाच्या संमतीची सोपी पद्धत तालुक्याच्या पातळीवर बसवा. सह्या जमत नाहीत म्हणून करार अडायचा आणि मुखत्यारपत्रावर तोड मात्र व्हायची, हे थांबले पाहिजे.

देखरेख वनरक्षकाच्या मर्जीवर सोडू नका. ग्रामसभा, वनखाते आणि एखादी स्थानिक संस्था वा महाविद्यालय, तिघांनी मिळून वर्षातून एकदा रान फिरावे आणि अहवाल गावात वाचून दाखवावा. ज्याने करार मोडला त्याच्याकडून घेतलेला मोबदला व्याजासकट वसूल करा. त्याला आमची हरकत नाही.

आणि हे सगळे एकदम राज्यभर करायला सांगत नाही. संगमेश्वर आणि दोडामार्ग हे दोन तालुके घ्या. येत्या दसऱ्यापूर्वी, म्हणजे तोडीचा हंगाम सुरू होण्याआधी, वन आणि महसूल दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांची खातेदारांसोबत देवरुखात एक बैठक लावा. मसुदा नसला तरी चालेल, आमचे म्हणणे लिहून घेणारा माणूस असावा. आमच्या चौदा एकरांचा सातबारा, फेरफार आणि मुंबईतल्या भावांची संमतीपत्रे घेऊन मी त्या बैठकीला येईन. ती संमतीपत्रे मी गोळा करायला घेतली आहेत. ज्यांनी सही केली, त्या प्रत्येकाने एकच अट घातली आहे: सरकारचे उत्तर लेखी हवे.

आपला,
एक सामाईक खातेदार
तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी